नक्षीविना किमोनो

किमोनो म्हटले की उडते सारस, चेरीचा बहर, सोनेरी ढग आणि उघडे पंखे डोळ्यांपुढे येतात. पण जपानी वस्त्रांच्या कोणत्याही चांगल्या दुकानात या रंगीबेरंगी मालाशेजारी एकाच रंगाचे, बिनफुलांचे किमोनोही असतात. ते पाहून नवख्या माणसाला हमखास शंका येते: एवढा साधा किमोनो घालून जायचे तरी कुठे? घरात वापरायचा असावा, असा अंदाज बहुतेक जण बांधतात आणि तो साफ चुकतो. हा किमोनो लग्नाला चालतो, मुलांच्या शाळाप्रवेशाच्या समारंभाला चालतो, चहाच्या विधीला तर सर्वांत आधी तोच काढला जातो आणि गेलेल्या माणसाच्या स्मरणविधीलाही तो चालतो. आनंदाच्या आणि दुःखाच्या प्रसंगी एकच वस्त्र चालते कसे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

१. मान कशावर ठरतो?

या किमोनोला जपानीत इरोमुजी म्हणतात. काळा सोडून कोणताही एक रंग आणि वरून रंगवलेली किंवा भरलेली नक्षी नाही, एवढीच त्याची ओळख. काळा वेगळा काढण्याचे कारण असे की पूर्ण काळा, पाच कुलचिन्हांचा किमोनो म्हणजे ‘मोफुकु’, अंत्यविधीचे वस्त्र. पांढराही सहसा टाळतात, कारण तो नववधूचा.

इतर किमोनोंचा मान त्यांच्यावरची नक्षी कुठे आणि कशी आहे, यावरून ठरतो. लग्नात वधूवरांच्या आया ‘कुरोतोमेसोदे’ घालतात. तो काळा असतो, त्यावर पाच कुलचिन्हे असतात आणि नक्षी फक्त कमरेखाली असते. अविवाहित मुलींच्या लांब बाह्यांच्या किमोनोला ‘फुरिसोदे’ म्हणतात. पाहुण्या बायकांसाठी ‘होउमोंगी’ असतो. त्याच्यावरचे चित्र खांद्यापासून घेरापर्यंत शिवणी ओलांडत अखंड जाते. त्याही खाली ‘कोमोन’. त्याच्यावर बारीक नक्षी सगळीकडे पुन्हा पुन्हा छापलेली असते. तो मैत्रिणींबरोबर जेवायला जाताना किंवा नाटकाला जाताना घालायचा. म्हणजे कापड रंगवून तयार झाले की त्या किमोनोची जागा ठरून जाते. कोमोनवर कितीही भारी ओबी बांधला, तरी तो लग्नाच्या मांडवात शोभत नाही. (ओबी म्हणजे कमरेला गुंडाळायचा रुंद पट्टा.)

इरोमुजीची जागा रंगारी ठरवत नाही. त्यावर कुलचिन्ह आहे का, असले तर किती, ते कसे काढले आहे, वर ओबी कोणता, रंग हलका की गडद, यांवर ती ठरते. म्हणूनच हा किमोनो निवडणे दिसते तितके सोपे नाही. नक्षीदार किमोनो घेताना डोळा चित्रावर खिळतो आणि बाकीचे खपून जाते. इथे खपवून घ्यायला काहीच नसते. कापडाचा पोत, रंगाची छटा आणि शिवणीची सफाई लगेच नजरेत भरते.

२. कापड: पीळ दिलेला धागा

इरोमुजी बहुधा रेशमाचा असतो आणि तो पांढऱ्या कापडापासूनच सुरू होतो. आधी पांढरा तागा विणायचा, मग तो पुरता रंगवायचा. किमोनोचा तागा साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंद आणि १२ ते १३ मीटर लांब असतो. एका ताग्यात एक किमोनो.

इरोमुजीच्या कापडांत सर्वांत महत्त्वाचे ‘चिरिमेन’. त्याच्यावर बोट फिरवले की बारीक खडबडीत दाणे लागतात. हे दाणे छापलेले किंवा दाबून उठवलेले नसतात, धाग्याच्या पिळातून आलेले असतात. चिरिमेनच्या उभ्या धाग्यांना जवळजवळ पीळ नसतो, पण आडव्या धाग्यांना मीटरमागे ३,००० च्या आसपास वेढे दिलेले असतात. काही धागे उजव्या पिळाचे, काही डाव्या पिळाचे, असे आलटून पालटून ते विणतात. विणले तेव्हा कापड ताठ आणि सपाटच असते. मग ते गरम पाण्यात उकळून त्यातला रेशमाचा नैसर्गिक गोंद काढतात. कच्च्या रेशमाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा हा गोंदच असतो. तो गेला की इतका वेळ जखडून ठेवलेला पीळ उलगडायला धडपडतो. सुतळीला खूप पीळ देऊन टोके सैल सोडली की ती जशी स्वतःभोवतीच वळ्या घेते, तसेच इथे होते. पण शेजारचा धागा उलट्या दिशेने ओढत असल्यामुळे वळी पुरी पडत नाही, नुसता दाणा उठतो. या दाण्यांवरून प्रकाश विखुरतो आणि रंग खोल, मऊ दिसतो. अंगावर नक्षी नसताना रंगाला हा पोतच जिवंतपणा देतो.

चिरिमेनचे मोठे केंद्र म्हणजे क्योटो प्रांताच्या उत्तर टोकाचा तांगो हा किनारी भाग. १७२० मध्ये किनुया साहेइजी या विणकराने क्योटोच्या निशिजिन पेठेत पाहिलेली कला तिथे आणली, असा तांगोचा इतिहास सांगतात. तिथली हवा कायम ओलसर असते. घरून निघताना डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका, अशी त्या भागातली म्हणच आहे. विणकरांना ती हवा वरदान ठरली, कारण कोरड्या हवेत रेशमाचा धागा पटकन तुटतो.

दुसरे कापड ‘रिन्झु’. ते साटिनसारखे गुळगुळीत आणि चमकदार असते. लग्नकार्याला उठून दिसते, पण नेमके त्याच कारणासाठी दुःखाच्या प्रसंगी चालत नाही. पहिलाच आणि एकच इरोमुजी घ्यायचा असेल तर चिरिमेनच घ्यावा. चमक वाढवायची असेल तर ओबीने वाढवता येते, कापडात असलेली चमक मात्र झाकता येत नाही.

३. विणीतली नक्षी

साधा म्हटलेला इरोमुजी अनेकदा पूर्ण साधा नसतो. विणतानाच धाग्यांच्या उलटसुलट गुंफणीतून कापडात त्याच रंगाची नक्षी उतरवतात. तिला ‘जिमोन’ म्हणतात. समोरून पाहिले तर ती दिसत नाही; बाई वळली आणि खिडकीचा उजेड तिरका पडला की पाठीवर ढगांच्या रेषा उमटतात आणि पुन्हा जातात.

घेणाऱ्याने इथे थांबून नीट पाहायचे असते, कारण किमोनो कुठवर जाईल याची हद्द ही नक्षी आखून देते. सारस, कासव, पाइन-बांबू-प्लम हे मंगल आकार असतील, तर तो किमोनो आनंदापुरताच राहिला. वाहते पाणी, ढग, सायागाता नावाची एकमेकांत अडकलेल्या कोनांची जाळी किंवा इतर भौमितिक आकार दोन्हीकडे चालतात. दुकानात तागा उजेडात तिरका धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये, हा सल्ला जुनीजाणती माणसे देतात आणि तो मोलाचा आहे. दिव्याखाली सपाट अंथरलेल्या ताग्यावर बसलेला सारस अनेकांना घरी गेल्यावरच दिसतो.

याच ठिकाणी ‘एदो कोमोन’चा उल्लेख करायला हवा. नाव कोमोनचे, पण मान इरोमुजीचा. त्यावर सुईच्या टोकाएवढ्या पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते. चार पावले दूर गेले की ठिपके एकमेकांत मिसळतात आणि कापड एकरंगी दिसते. सामुराईंच्या दरबारी पोशाखातून ही पद्धत आली. ठिपक्यांचे साचे मिए प्रांतातल्या इसे भागात कागदावर कोरतात. या कलेतले रंगारी कोमिया कोसुके यांना जपान सरकारने १९५५ मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरवले. शार्कच्या कातडीसारखे ठिपके, तिरक्या ओळीतले ठिपके आणि उभ्या-आडव्या ओळीतले बारीक चौकोन, असे तीन प्रकार त्यात सर्वांत मानाचे. त्यांच्यावर एक कुलचिन्ह काढले की तो किमोनो इरोमुजीच्या रांगेत बसतो.

४. रंग: मनाईपासून निवडीपर्यंत

जपानात रंग ही फार काळ सरकारी बाब होती. ६०३ मध्ये महाराणी सुइको हिच्या दरबारात बारा दर्जे ठरले आणि डोक्यावरच्या टोपीच्या रंगावरून माणसाचा दर्जा ओळखायची पद्धत पडली. पुढे हेइयान काळात काही रंग सामान्यांना वर्ज्य झाले. त्यातला ‘कोरोझेन’ हा पिवळसर तांबूस तपकिरी रंग ८२० मध्ये फक्त सम्राटासाठी राखला गेला. पतंग नावाच्या झाडाचे लाकूड (हे झाड भारतातही होते) आणि हाझे या जपानी झाडाचे लाकूड, या दोन्हींच्या काढ्यांतून तो रंग साधतात. त्याची छटा बसवणे फार कठीण समजतात. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी टोकियोत सम्राट नारुहितो यांच्या राज्यारोहणाचा विधी झाला, तेव्हा त्यांच्या अंगावर याच रंगाचा झगा होता. बाराशे वर्षे एक रंग एका पदासाठी राखून ठेवल्याचे असे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या शतकांत, श्रीमंत व्यापाऱ्यांच्या थाटाला आळा घालणारी फर्माने वरचेवर निघत. भडक रंग आणि भारी कापड त्यांना बंद झाले. उरले तपकिरी, करडे आणि निळे. तेव्हा शहरी रंगाऱ्यांनी त्या तीन रंगांतच डोके चालवले. ‘अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर करडे’ हा शब्दप्रयोग तेव्हाचा. प्रत्यक्षात छटा त्याहून जास्त होत्या. दान्जुरो या काबुकी नटांच्या घराण्याच्या नावाचा तपकिरी झाला, चहागुरू सेन नो रिक्यू यांच्या नावाने हिरवट करडा झाला. आज इरोमुजीच्या नमुनावहीत ज्या मंद, मिसळलेल्या छटांची पाने उलटली जातात, त्यांची गोडी जपानी डोळ्यांना त्या मनाईच्या काळात लागली. बंदीतून जन्मलेली ही अभिरुची बंदी उठल्यावरही टिकली, हे विशेष वाटते.

निवडताना पहिला प्रश्न ‘मला कोणता रंग आवडतो’ हा नसून ‘मी हा कुठे कुठे घालणार’ हा असतो. फिकट गुलाबी, लोण्यासारखा पिवळसर, कोवळा हिरवा, आकाशी हे आनंदाचे रंग. गडद निळा, करडा, काळपट हिरवा, तपकिरी हे शोकाकडे झुकणारे. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद पट्टा आहे: राख मिसळलेला जांभळा, निळसर करडा, मातकट गुलाबी. या पट्ट्यातला रंग सोनेरी ओबीखाली उजळतो आणि काळ्या ओबीखाली शांत होतो. त्यातही राख मिसळलेला जांभळा सर्वांत कामाचा. तो विशीतल्या मुलीलाही चालतो आणि साठीतल्या आजीलाही.

रंग ठरवताना हाताएवढ्या तुकड्यावर भरवसा ठेवू नये. तळव्यावर देखणी दिसणारी छटा बारा मीटरच्या ताग्यावर एक पायरी उजळ भासते. म्हणून तागा खांद्यावरून सोडून, चेहऱ्याजवळ धरून, दिवसाच्या उजेडात पाहायचा.

५. कुलचिन्ह: दोन सेंटिमीटरचा अधिकार

जपानी घराण्यांची ‘कामोन’ ही कुलचिन्हे असतात. वर्तुळातली वेल, पंखा, पिसे, फुले, असे त्यांचे आकार. बायकांच्या किमोनोवर त्याचा व्यास सुमारे दोन सेंटिमीटर, पुरुषांच्या किमोनोवर जवळजवळ दुप्पट. एवढ्याशा चिन्हाने इरोमुजीचा मान बदलतो.

कुलचिन्ह नसले तर तो किमोनो बाहेर जेवायला, प्रदर्शनाला, कोमोनच्या बरोबरीने घालता येतो. पाठीवर, कॉलरच्या शिवणीखाली पाचसहा सेंटिमीटरवर एक चिन्ह आले की तो समारंभाचा होतो. पाठ आणि दोन बाह्यांच्या मागे मिळून तीन चिन्हे असली तर तो चिन्हाविना असलेल्या चित्रमय होउमोंगीच्याही वर जातो. छातीवर दोन्ही बाजूंना आणखी दोन, अशी पाच झाली की तो सर्वोच्च रांगेत. तसा इरोमुजी मग सहजी बाहेर निघत नाही, आणि म्हणून सामान्य घराला तो परवडला तरी उपयोगाचा नसतो.

चिन्ह काढायच्या पद्धतीलाही उतरंड आहे. कापड रंगवताना चिन्हाची जागा पांढरी राखून मग तिच्यावर बारीक रेषा काढणे सर्वांत औपचारिक. रेशमी दोऱ्याने भरणे त्याहून सौम्य. पांढरी राखलेली जागा रेखणारा कारागीर बांबूचा कंपास वापरतो. त्याच्या एका पायाला सुई आणि दुसऱ्याला शाईची कुंचली बांधलेली असते. चिन्हातली फुले-पानेही तो बहुतांशी वर्तुळांचे तुकडे जोडून काढतो.

घराण्याचे चिन्ह ठाऊक नसलेल्याने काय करायचे? भाड्याच्या किमोनोंवर ‘गो-सान नो किरी’, म्हणजे पाउलोनिया वृक्षाची तीन पाने आणि वर पाच-तीन फुलांचे तुरे, हे चिन्ह सर्रास असते. ते कुणीही वापरले तरी हरकत घेतली जात नाही. पण विकत घेणाऱ्याने पाठीवर एकच चिन्ह काढून घ्यावे. तीन काढली की किमोनो स्मरणविधीला, साध्या चहाच्या बैठकीला जड होतो. एकही नसले की लग्नात उणा पडतो.

६. ओबी: आनंद दुहेरी, दुःख एकेरी

‘फुकुरो ओबी’ सुमारे ३१ सेंटिमीटर रुंद आणि सव्वाचार मीटरहून लांब असतो. त्याच्या लांबीमुळे पाठीवरची गाठ दोन पदरांची होते. शुभप्रसंग पुन्हा पुन्हा यावा, म्हणून ही दुहेरी गाठ. ‘नागोया ओबी’ साडेतीन मीटरच्या जरा वर असतो आणि त्याची गाठ एकेरी बसते. ताइशो काळात (१९१२–१९२६) नागोया शहरात मुलींची शाळा चालवणाऱ्या कोशिहारा हारुको यांनी बांधायला सोपा म्हणून तो काढला, असे मानतात. दुःखाच्या प्रसंगी हीच एकेरी गाठ लागते, कारण दुःख दुसऱ्यांदा येऊ नये.

पाठीवरच्या त्या चौकोनी, फुगीर गाठीला ‘ताइको’ म्हणतात. १८१७ मध्ये एदोतल्या (म्हणजे आजच्या टोकियोतल्या) कामेइदो देवळाचा कमानदार पूल पुन्हा बांधला गेला, तेव्हा फुकागावाच्या गेइशांनी त्या पुलावरून ओबी असा बांधला, अशी तिच्या जन्माची कथा आहे.

इरोमुजीसाठी ओबीचे महत्त्व दुप्पट. नक्षीदार किमोनोवर ओबी जुळवावा लागतो. इथे सगळी शोभा ओबीवरच येते. सोबत ओबीच्या वरच्या काठाने डोकावणारे रेशमी वस्त्र (ओबीआगे) आणि मधोमध बांधायची विणलेली दोरी (ओबीजिमे) असते. ही दोनच बदलली तरी पोशाख वेगळा होतो.

७. एक किमोनो, चार ठिकाणी

समजा, एका बाईकडे राख मिसळलेल्या जांभळ्या रंगाचा, वाहत्या पाण्याच्या जिमोनचा, पाठीवर एक कुलचिन्ह असलेला चिरिमेनचा इरोमुजी आहे.

एप्रिलमध्ये तिच्या मुलाचा पहिलीत प्रवेश. जपानात हा मोठा समारंभ असतो. ती फिकट सोनेरी फुकुरो ओबी दुहेरी गाठीने बांधते. ओबीआगे आणि ओबीजिमे पांढऱ्याकडे झुकणारी फिकट गुलाबी, नागाजुबानची (किमोनोच्या आत घालायच्या झग्याची) कॉलर पांढरी, पायात पांढरे ताबी (मोजे) आणि फिकट झोरी (चपला). मुलाच्या दिवशी आईने वर्गात सर्वांत झगमगीत दिसू नये, ही अपेक्षा इरोमुजी सहज पुरी करतो. मार्चमधल्या निरोप समारंभात शाळेच्या शिक्षिकाही अनेकदा हाच किमोनो घालतात, फक्त वरून हाकामा हा निऱ्यांचा घेर बांधतात.

मैत्रिणीचे लग्न असेल तर ओबी त्याहून भरजरी, बाकी सारे तेच.

दिवंगताच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या स्मरणविधीला ती काळा नागोया ओबी एकेरी गाठीने बांधते. ओबीआगे, ओबीजिमे, झोरी आणि हातातली पिशवी काळी. सोनेरी-रुपेरी धागा कुठेही नाही. किमोनो तोच, पण पाण्याच्या रेषा आता निराळ्याच वाटतात.

चौथे ठिकाण चहाची खोली, आणि इथे जरा रेंगाळायला हवे. इरोमुजी ज्यांच्याकडे हमखास सापडतो ती माणसे बहुधा चहाची साधना करणारी असतात. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांनी चहाची खोली लहान केली आणि पाहुण्याला आत येण्यासाठी जेमतेम ६५ सेंटिमीटरच्या चौकोनी दारातून गुडघ्यांवर सरकत यायला लावले. आत कागदी खिडक्यांतून गाळलेला उजेड, भिंतीच्या कोनाड्यात एक लेखपट आणि एखादे फूल. त्या दिवशीचा वाडगा, ते फूल, तो लेखपट यजमानाने महिनाभर विचार करून निवडलेला असतो. अशा खोलीत पाहुण्याच्या खांद्यावर शेवंतीचा ताटवा असला तर कोनाड्यातल्या एका शेवंतीचे काय राहिले? इरोमुजी तिथे चालतो म्हणून नव्हे, तर त्या खोलीला तोच हवा असतो म्हणून घालतात. त्या खोलीच्या शिस्तीत अंगठी आणि घड्याळही काढून ठेवतात, म्हणजे वाडग्याला ओरखडा जात नाही. छातीच्या घडीत कागदांची गड्डी आणि कमरेला फुकुसा, म्हणजे चहाची भांडी पुसायचा रेशमी रुमाल, खोवतात. उरासेन्के या चहाच्या घराण्याच्या रीतीत बायकांचा फुकुसा लाल असतो. जांभळ्या इरोमुजीवर तो लाल त्रिकोण काय उठून दिसतो! जानेवारीतल्या वर्षाच्या पहिल्या चहाला, ‘हात्सुगामा’ला, ओबी भारी, एरवीच्या सरावाला नागोया ओबी पुरतो.

८. ऋतूचे वेळापत्रक

ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून आणि सप्टेंबरमध्ये बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्टमध्ये ‘रो’ किंवा ‘शा’ या जाळीदार विणीचा. १ जून आणि १ ऑक्टोबर हे कपडे बदलायचे ठरलेले दिवस. अलीकडे मे महिन्यातच उकाडा होऊ लागल्याने अनेक जणी अस्तर आधी उतरवतात आणि त्याला फारसे कुणी हसत नाही. पहिला इरोमुजी अर्थातच अस्तराचा घ्यावा, तो वर्षाचे आठ महिने चालतो. अस्तर घेराजवळ चालताना पायाशी डोकावते. ते किमोनोच्याच रंगाचे घ्यावे, कारण वेगळ्या रंगाचे अस्तर औपचारिक प्रसंगी सैल वाटते.

९. अंगावर चढवताना

डावी बाजू नेहमी उजवीच्या वर. ७१९ मध्ये महाराणी गेन्शो हिच्या काळात तसा हुकूमच निघाला. उलट, म्हणजे उजवी बाजू वर, फक्त मृतदेहाला नेसवतात. परदेशी पाहुण्यांकडून ही एकच चूक अशी होते की जपानी माणसे दचकतात.

बायकांच्या किमोनोची लांबी साधारण नेसणारीच्या उंचीएवढी असते. जास्तीचे कापड कमरेशी उचलून ओबीखाली एक आडवी घडी ठेवतात, तिला ‘ओहाशोरी’ म्हणतात. नक्षीदार किमोनोत ती वाकडी झाली तर फुलांत लपते. इरोमुजीत तिची रेघ सरळ बसलीच पाहिजे. पाठीची उभी शिवण कण्यावर, मानेमागे कॉलर एका मुठीएवढी मागे ओढलेली, समोर आतल्या पांढऱ्या कॉलरची दोन्ही बाजूंना सारखी पट्टी. शोकाच्या प्रसंगी ती मूठ थोडी लहान करायची.

१०. पुन्हा रंगवता येतो

किमोनो आठ सरळ पट्ट्यांचा असतो: अंगाच्या दोन, बाह्यांच्या दोन, समोरच्या दोन, कॉलरच्या दोन. शरीराच्या आकाराप्रमाणे गोलाई कापत नाहीत, जास्तीचे कापड शिवणीतच दुमडून ठेवतात. त्यामुळे सगळा किमोनो उसवला, पट्ट्या एकामागे एक शिवल्या, की पुन्हा जवळजवळ पहिल्यासारखा तागा हाती येतो. तो धुऊन, जुना रंग जमेल तेवढा उतरवून, नव्याने रंगवतात. अट एवढीच की नवा रंग आधीपेक्षा गडद हवा. विशीत घेतलेला फिकट गुलाबी चाळिशीत मातकट गुलाबी आणि पुढे तपकिरी होऊ शकतो. चित्रांच्या किमोनोला हे भाग्य मिळत नाही. खालचे चित्र नव्या रंगातून वर येते.

म्हणून जुन्या बाजारातला डाग पडलेला, फिकट, पण चांगल्या चिरिमेनचा इरोमुजी दिसला तर तो सोडू नये. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. मानेच्या मणक्यापासून मनगटापर्यंतची लांबी आपल्याला पुरते का? कमी असेल तर बाहीच्या शिवणीत सोडण्याजोगे कापड आहे का? आणि पाठीवरचे चिन्ह कोणत्या घराण्याचे आहे? दुसऱ्याच्या घराण्याचे चिन्ह औपचारिक प्रसंगी मिरवत नाहीत. नोकरीनिमित्त जपानात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मुलांच्या शाळाप्रवेशाला किमोनो भाड्याने घ्यावासा वाटला, तर दुकानात आधी होउमोंगीच पुढे केला जाण्याची शक्यता जास्त, कारण तो फोटोत खुलतो. तेव्हा आपणहून इरोमुजी मागावा, सोबत फिकट सोनेरी फुकुरो ओबी मागावा, आणि बांधून झाल्यावर आरशात आधी ओहाशोरीची रेघ पाहावी.